आप्पांची कललेली मान

देवयानी आठल्येचे पुतळे उत्तरेत, पूर्वांचलातल्या कितीतरी चौकांत उभे आहेत. घोड्यावरचे, हात उंचावलेले, वर्दीतले. धूळ, कावळे, मिरवणुका सोसत उभे आहेत. फक्त नदीकाठच्या ब्रह्मा घाटाच्या ज्या मराठी गल्लीत ती वाढली, तिथे तिचे एकही काम नव्हते. वैदिकाची मुलगी मुंडकी घडवते, म्हणून मोहल्ला हसत आला होता. साठी उलटल्यावर गल्लीतल्या पाठशाळेने तिला बोलावले. काम होते तिच्याच वडिलांचा, बिंदुमाधवशास्त्रींचा, अर्धपुतळा.

मातीत चेहरा पुरा झाला तेव्हा पाठशाळेचे विश्वस्त सुमंतराव नदीपलीकडे रामनगरला तिच्या कार्यशाळेत आले. ते शास्त्रींचे जुने विद्यार्थी. त्यांच्या होकाराशिवाय ब्राँझ ओतायचे नव्हते.

"मान वाकडी झालीय, ताई."

"कललीय. आप्पा तसेच ऐकायचे."

"आम्ही वर्षानुवर्षं समोर बसलो, आम्हाला ठाऊक नाही? लोक म्हणतील, गुरुजींना लकवा मारला होता! सीधी करा, नाहीतर आम्ही दुसरा मूर्तिकार बघतो."

माती अजून ओली होती. हातांचा एक दाब दिला असता, तर गल्लीत तिचे काम लागले असते. तिने कोरणी खाली ठेवली.

"समोर बसलात, पण बघितलंत कधी? पाठ म्हणताना डोळे वर करायची हिंमत होती? मी जिन्यावर मटार सोलत बसायचे. मी बघायचे."

"मग?"

"खाली बसा. तेव्हा बसायचात तसे."

"या वयात? गुडघे उठू देणार नाहीत."

"मी उठवीन."

कुरकुरत त्यांनी मांडी घातली. सवयीने नजर जमिनीकडे गेली.

"आता वर बघा."

वरून तो चेहरा त्यांच्याकडेच झुकला होता. एक कान पुढे, भुवई किंचित चढलेली, चूक होण्याआधीच ती हेरणारी. सुमंतराव पुटपुटू लागले. अर्ध्या ऋचेत अडखळले, मागे गेले, स्वर नीट लावला, मगच पुढे सरकले. ऋचा संपेपर्यंत देवयानी हलली नाही.

"हात द्या," ते म्हणाले. उठून उभे राहिल्यावर पुन्हा एकदा मानेकडे पाहिले. "असाच ओता. आणि चौथरा उंच नको. बसणाऱ्याला दिसला पाहिजे."

आता पाठशाळेच्या ओसरीत तो बसवला आहे. येणारे-जाणारे उभ्याउभ्या बघतात आणि मान वाकडी आहे म्हणतात. तेव्हा गल्लीतले कुणीतरी हमखास थांबते.

"बैठ के देखिए, भइया. आमच्या देवयानीचं काम आहे."