सरांची मोरी

"श्वास धरा," असं म्हणून सर उजवा तळहात आमच्यापुढे धरायचे आणि मगच डबी उघडायचे. डबीत काचेची बोटभर पट्टी. पट्टीवर काहीही नाही. वाकून बघा, चष्मा लावून बघा, काहीही नाही. "रिकामी दिसते," सर म्हणायचे, "रिकामी नाही." डबी बंद झाली की आम्ही बघणारे भसाभस श्वास सोडायचो. सर मात्र सोडत नसत. म्हणजे सोडत असणारच, माणूसच होते. पण त्यांनी श्वास सोडलेला मी कधी ऐकला नाही. तुम्ही त्यांच्याशेजारी बसला असतात, तर तुम्हीही हेच सांगितलं असतं.

आदिलाबादला माझं चष्म्याचं दुकान आहे. सर निवृत्त होऊन जैनथला मोठ्या बहिणीकडे राहायला आले, तेव्हापासून आठवड्यातून दोनतीनदा बसने येऊन माझ्या स्टुलावर बसत. बाजारात सगळे कापसाच्या भावावर बोलणारे. काचेवर बोलायला त्यांना मी एकटाच सापडलो.

त्यांचा जन्म गेला लांबच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. केसाहून बारीक भोकं पाडायची, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे भाग घडवायचे, हा त्यांचा विषय. त्यांच्या कामाच्या खोलीत टोपी, तोंडाला फडकं, पायांना पिशव्या असं सगळं चढवून जावं लागे. "त्या खोलीत सगळ्यात मोठी घाण म्हणजे माणूस," ते म्हणत. "एक श्वास जोरात पडला की महिन्याचं काम उडून जातं. मग हळू श्वास घ्यायची सवय लागते. पुढे ती सुटत नाही."

ती सुटली नव्हतीच. एकदा जैनथच्या बसमध्ये डोळे मिटून बसले होते. कंडक्टरने दोनदा हाक मारली, नाकाशी बोट धरून पाहिलं, आणि "लेवंडी सार, लेवंडी!" असं तेलुगूत उठा-उठा करत गदागदा हलवलं. सरांनी शांतपणे डोळे उघडून तिकिटाचे पैसे पुढे केले. पुढच्या थांब्यावर दोन बाया उतरून दुसऱ्या बसची वाट बघत बसल्या म्हणे.

त्या पट्टीवर होती एक नळी. सर तिला मोरी म्हणत. "जन्मभर मी एकच मोरी बांधली," असं कोणालाही सांगत. त्यामुळे गावातले चार जण खरंच त्यांना गल्लीतल्या तुंबलेल्या नालीकडे घेऊन गेले. सरांनी ओळंबा लावून उतार काढून दिला, आणि पाणी वाहूही लागलं. "हिशेब तोच," मला म्हणाले, "इथं पाणी जास्त आणि लोक आरडाओरडा करतात, एवढंच."

मोरी डोळ्यासाठी होती. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी आतच कोंडतं आणि नजर कायमची जाते. सरांच्या बहिणीची तशीच गेली. त्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांनीच सरांना, म्हणजे त्यांच्या बापूला, वाढवलं, शिकवलं. कोंडलेलं पाणी बाहेर काढणारी नळी करायचा ध्यास सरांनी तेव्हा घेतला. पण ती होईपर्यंत बाईंना दिसायचं पुरतं बंद झालं होतं. शेकडो नळ्या तडकल्या, एकच आतून गुळगुळीत उतरली. नंतर ती घडवणारं यंत्रच मोडीत निघालं. हैदराबादला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला ही एक नळी मोजून पुढे तशाच घडवायच्या होत्या. सोमवारी सर ती घेऊन जाणार होते.

शनिवारी ते डबीला काचेचं झाकण करून घ्यायला माझ्याकडे आले. त्यांचा फोन वाजला. दुकानात आवाज नीट येत नाही, म्हणून ते बाहेर गेले. मी झाकण घासून आणलं, डबीतली पट्टी उचलून बाजूला धरली. तिच्यावर धूसर डाग दिसला. आणि वीस वर्षं दिवसातून शंभरदा करतो तेच मी केलं. तोंड उघडलं, "हाः" करून पट्टीवर वाफ सोडली आणि गळ्यातल्या फडक्याने पट्टी लख्ख पुसली.

पुसून झाल्यावर कळलं. मी पट्टी डबीत ठेवली, वर झाकण बसवलं. सर आत आले. माझ्या हातातल्या फडक्याकडे बघून म्हणाले, "पुसलीत?"

"नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा एकदा फडक्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि डबी घेऊन गेले. सोमवारी ते हैदराबादला गेले नाहीत.

तेव्हाच फडकं हातात दिलं असतं तर नळी सापडली असती. हे मला त्या क्षणीही कळत होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू. पण तोंडातून "नाही" गेलं होतं. फडकं मी काचेच्या बरणीत घालून वरच्या फळीवर ठेवलं. त्यानंतर सर रोज येऊ लागले. रोज! बसायचे, हवेत तरंगणारी रुई बघायचे, उठून जायचे. एकदाच म्हणाले, "फडकं बदललंत." मी जुनं फाटलं म्हणालो. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत पावसाळा गेला, हिवाळा गेला.

मग एके दिवशी सर आलेच नाहीत. झोपेतच गेले. बाई सकाळभर त्यांच्या खाटेशी बसून त्यांच्याशी बोलत होत्या म्हणे. श्वास ऐकू येत नाही यात त्यांना नवल वाटलं नाही. मला ते ऐकून रडू आलं, आणि लाजही वाटली.

तेरावं झालं. ऐन वैशाखात एका सकाळी दुकान उघडलं, तर फळीवरची बरणी आतून धुरकट झाली होती. तुम्ही काचेजवळ तोंड नेऊन "हाः" केलं की होते ना, तशी. बाहेरून पुसली, तर पुसली जाईना. मी शटर ओढलं, बरणी पोटाशी धरली आणि जैनथची बस पकडली.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी सरांची खुर्ची.

"कोन व्हय?"

"मी, आदिलाबादचा चष्मेवाला."

"या भाऊ. लई उशीर केला."

"बाई, ती काच मीच पुसली होती."

"मालूम हाय. बापूनं त्याच दिवशी सांगतलं."

"मग मला काऊन नाही बोलले?"

"म्या बी तेच इचारलं. म्हने, मागून घेतलं तं त्याले जन्माची लाज वाटन. तो आपल्या हातानं देईन. म्हून तं रोज येत होता तुमच्याकडं."

बरणीतून फडकं काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी ते पसरलं आणि एका कडेपासून बोटं फिरवत आल्या. मधोमध बोट थांबलं.

"इथं हाय."

एवढी बारीक गोष्ट बोटाला लागत नाही, हे मला माहीत आहे. मी तसं म्हणालोही. बाई हसल्या. कनवटीची सरांची डबी काढून म्हणाल्या, "हैदराबादची पोरगी सोमवारी येनार हाय. तिच्या यंत्रात दिसन. डबी उघडतो. श्वास धरा."

मी श्वास धरला. बाईंनीही धरला. ओसरीवर तिसरं कोणी नव्हतं, वाराही नव्हता. त्यांनी फडक्याची घडी डबीत ठेवली, आणि सरांच्या खुर्चीकडून कोणीतरी लांब, सावकाश श्वास सोडला.

"सोडला बाप्पा एकदाचा," बाई म्हणाल्या आणि डबीचं झाकण लावलं.