अण्णांची व्हॅन चालू होईना

तेराव्याची भाड्याची भांडी अजून परत गेली नव्हती, आणि दादाने अण्णांची व्हॅन विकायला काढली. अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर त्यांनी याच गाडीतून मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू नाशिकच्या फूलबाजारात नेला. शेजारच्या सीटवर आई. ती जागा तिचीच. आम्ही पोरं कायम मागे, फुलांच्या क्रेटवर. पण दादाचं म्हणणं, चालवणारा गेला, आता गाडी दारात उभी राहून गंजणार. आई गप्प बसली. गप्प बसली म्हणजे तिची ना नाही, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं.

नांदगावहून गिऱ्हाईक आलं. दादाने ऐटीत किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, आणि गप्प. पुन्हा तेच. अण्णांच्या हातात एका फटक्यात चालू होणारी गाडी! दादा घामाघूम. गिऱ्हाईक भला माणूस, "होऊ द्या निवांत," म्हणत चहा घेऊन ओट्यावर बसला. तिथेच आई मेथी निवडत होती.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरी बघितली, प्लग काढून घासून बसवला, दोनदा मान हलवली.

"ब्याटरी टकाटक हाय, पेट्रोल येतंय. प्लगाला करंटच येत नाय. मधीच कुठंतरी मरतोय," असं म्हणून तो वायरींत डोकं खुपसून बसला.

तेवढ्यात आत्या पुढे झाली. अण्णांची ही धाकटी बहीण, आणि त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा.

"येडे का काय तुम्ही? दहाव्याला रामकुंडावर काय झालं, इसरले? कावळा पिंडाला शिवंना. मळा पडीक ठेवणार नाय असा शब्द दिला, तवा शिवला. तसंच हाय हे. भाऊचा जीव अडकलाय गाडीत."

"आत्या, कावळ्याला भूक असते. गाडीला असते का?" मी म्हटलं.

"तू गप गं! लय शिकलेली."

तिने बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. "भाऊ, वहिनीला आम्ही अंतर देणार नाय. सोड आता." दादाने किल्ली मारली. घर्रर्र. मग दादाची पाळी. एवढा बँकेतला साहेब माणूस, हेडलाइटपुढे हात जोडून म्हणतो, "अण्णा, आईला काशीला नेईन." आईने एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा मेथीत घातली. घर्रर्र.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं तापलं होतं, पण हसूही आवरेना. "अण्णा, मी दादाशी भांडणार नाही," म्हटलं. घर्रर्र.

"खोटं बोलली," आत्या म्हणाली, "आता कशी चालू व्हईल!"

त्या गिऱ्हाइकानेसुद्धा कपबशी खाली ठेवून हात जोडले. "काका, मी जपून वापरीन हो." मेकॅनिकने वायर सोडून टोपी काढली. कमालच झाली!

शेवटी दादा रडकुंडीला आला. "अण्णा, तुमच्या मनात आहे तरी काय? विकायची की नाही? सांगा ना एकदा!"

आईने मेथीची जुडी ताटात आपटली. उठली, पदराला हात पुसले, दादाला ड्रायव्हरच्या सीटवरून उठवलं आणि स्वतः बसली. डॅशबोर्डखाली हात घालून काहीतरी दाबलं. किल्ली फिरवली. गाडी चालू!

"चोरस्विच आहे," ती म्हणाली. "बाजारातून गाड्या चोरीला जायच्या, तेव्हा बसवून घेतला होता. आम्हा दोघांनाच माहीत."

"अगं आई, मग मघापासून बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"मला कुणी विचारलं? गेलेल्या माणसाला हात जोडून विचारताय सगळे. मी इथेच बसलेय ना, चांगली जिवंत!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. आत्याने डोळ्यांना पदर लावला. गाडी तेवढी छान चालू होती.

दादा खिडकीशी आला. मान खाली. "आई, विकायची का गाडी?"

आईने गाडी बंद केली आणि किल्ली कमरेला खोचली.

"विचार करून सांगते," म्हणाली, आणि उरलेली मेथी निवडायला गेली.