जोसेफकाकांच्या तारा काळ्या का पडत नव्हत्या

जोसेफकाकांनी काउंटरवर तारांची दोन पाकिटं ठेवली आणि म्हणाले, "बाय, एक काम कर. या तारा माझ्या गिटारीला चालत नाय असं कागदावर लिहून दे. खाली दुकानाचा शिक्का मार."

डोंबिवलीला आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. वडील सतारी-तंबोरे करायचे. ऐंशीच्या दशकात जिकडेतिकडे ऑर्केस्ट्रा निघाले आणि गिटारी दुरुस्तीला यायला लागल्या. वडिलांना त्या आवडायच्या नाहीत, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी तेव्हा नुकती कॉलेज संपवून बसलेले. तेव्हापासून लोकांनी माझ्याकडे बिलं मागितली, गॅरंटी मागितली, पण तारेविरुद्ध सर्टिफिकेट कोणी मागितलं नव्हतं.

जोसेफकाका बाळकुमचे. ठाण्याच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. घरामागे छोटी वाडी, त्यात वांगी आणि अळू. दर रविवारी चर्चमध्ये क्वायरबरोबर गिटार वाजवायचे, आणि रोज संध्याकाळी घरी तासभर. त्यांच्या मुलीचं, रीटाचं, लग्न दीड महिन्यावर आलेलं. होणारा जावई विल्सन बाहरीनला नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने सासऱ्यांसाठी ही दोन पाकिटं आणलेली.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. एक तार त्यांनी घरी चढवून बघितली होती. बोट घसरतं म्हणाले, आणि आवाज असा येतो की गिटारीला कोणीतरी स्वेटर घातलाय. पण पोरगा एवढ्या प्रेमाने घेऊन आला, त्याला तोंडावर कसं सांगायचं? लग्नात तर तो विचारणारच. तेव्हा माझा कागद दाखवून मोकळं व्हायचा त्यांचा बेत होता.

तारांचं इथे थोडं सांगते. अकूस्टिक गिटारीला सहा तारा. खालच्या दोन नुसत्या स्टीलच्या. वरच्या चार तारांमध्ये आत स्टील आणि त्यावर ब्राँझच्या बारीक तारेचे वेढे. त्या वेढ्यांच्या फटींत बोटांचा घाम आणि मळ जाऊन बसतो. तार काळी पडते, आवाज ठस्स होतो. आम्ही म्हणतो, तार मेली. विल्सनने आणलेल्या तारा कोटेड होत्या. म्हणजे वेढ्यांवर प्लास्टिकसारखा अगदी पातळ थर. घाम आत जात नाही, तार खूप टिकते. बदल्यात नव्या तारेची खणखण थोडी कमी होते. नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा, अशा तारा आमच्याकडे यायच्या नाहीत. मी त्यांच्याबद्दल फक्त ऐकलेलं.

मी काकांचा हात बघायला मागितला. तळवा ओला, बोटांची टोकं ओली. मार्च महिना होता, पण पंखा डोक्यावर फिरत होता. मी त्यांना नव्या ब्राँझ तारेचा एक तुकडा दिला आणि बोलता बोलता हातात धरून ठेवायला सांगितला. अर्ध्या तासात तो डागाळला. असे हात मी दोन-तीनच पाहिलेत. अशा माणसाच्या साध्या तारा चार दिवसांत मरतात.

मी म्हटलं, "काका, कोटेड तार तुमच्यासारख्यांसाठीच काढलीय. मी खोटं लिहून देणार नाही."

"माझ्या तारा महिना महिना टिकतात," काका म्हणाले.

मला ते खरं वाटलं नाही. मी त्यांच्या गिटारीवर साधा नवा सेट चढवला, वाजवायला लावलं आणि दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. आठ दिवसांनी परत या, म्हटलं. तेव्हा या मेलेल्या असतील, परत रेकॉर्ड करू, तुम्हीच ऐका.

आठ दिवसांनी काका आले. तारा पिवळ्याधमक. आवाज थोडा उतरलेला, पण जिवंत.

मला आधी वाटलं, यांनी गिटार हातातच घेतली नाही. पण तारांच्या खालच्या बाजूला, पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांवर जिथे तार दाबली जाते तिथे, बारीक खाचा पडल्या होत्या. म्हणजे गिटार रोज वाजली होती. मग असा हात आणि अशी तार, हे जुळत कसं नाही? मी त्यांना विचारलं, वाजवून झाल्यावर पुसता का? ते म्हणाले, कशाला पुसायची, तांब्याचा हंडा आहे का? ठेवतो आणि जातो वाडीला पाणी घालायला.

त्या दिवशी त्यांनी परत कागद मागितला. मी टाळलं. पण मनात ते राहिलं. या धंद्यात मला एवढी वर्षं झालेली, आणि चार दिवसांत मरणारी तार माझ्या डोळ्यांसमोर आठ दिवस जगली होती.

दुकान बंद असायच्या दिवशी मी बाळकुमला गेले. गिटारीची मान तपासायचीय असं निमित्त सांगितलं. रीटाची आई आत लग्नाच्या लाडवांची तयारी करत होती, तिने मला ओसरीवर बसवून चहा दिला. काकांनी तासभर वाजवलं. फार छान वाजवायचे ते. नंतर गिटार खुर्चीला टेकवून ठेवली आणि पाइप घेऊन वाडीत गेले.

ते वळले आणि रीटा आतून आली. हातात फ्लॅनेलचा जुना तुकडा. गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार तुकड्यात चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसली. वरून पुसली, मग तार जरा उचलून खालून. माझ्याशी गप्पा मारत, पोळ्या लाटाव्यात इतक्या सहज. मग गिटार कव्हरमध्ये घालून खुंटीला लावली.

"हे कधीपासून करतेस?" मी विचारलं.

"पाचवीत असल्यापासून. एकदा पप्पांची तार तुटून त्यांच्या गालाला लागली. गंजलेली होती. तेव्हापासून." ती हसली. "त्यांना वाटतं मी नुसती कव्हरमध्ये घालते."

मग तिने बाकीचंही सांगितलं. विल्सनला तारांमधलं काही कळत नव्हतं. तिनेच त्याला पत्रात लिहिलेलं की तिकडच्या दुकानात विचार, न पुसता टिकणारी तार मिळते का. ती लग्नानंतर बाहरीनला जाणार होती. आईला संधिवात, आणि पप्पा स्वतः पुसणार नाहीत हे तिला माहीत होतं.

"पप्पांना सांगू नका, ताई. उगाच रडतील आणि मलाही रडवतील."

आता माझ्याकडे दोन कामं झाली. बापाला जावयासाठी खोटा कागद हवा होता, आणि मुलीला बापापासून गुपित ठेवायचं होतं. मी रीटाला एवढंच म्हटलं, मी साधा नवा सेट चढवून देते, यावेळी आठ दिवस पुसू नकोस, म्हणजे कोटेड तार का हवी ते त्यांचं त्यांनाच कळेल. ती नाराजीनेच हो म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोवर काका पायरीवर उभे. गिटार काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "तार खराब दिलीस."

तारा काळपट हिरव्या झाल्या होत्या. छेडल्यावर आवाज असा, की वडील असते तर उठून आत गेले असते. काका चिडले नव्हते, पण दुखावले होते. तुझ्या बापाने कधी असा माल दिला नाही, म्हणाले. लग्नात या तारांवर मी काय वाजवणार होतो?

चूक माझ्या मालाची म्हणून गप्प बसता आलं असतं. सेट बदलून दिला असता की विषय संपला. पण वडिलांचं नाव निघालेलं, आणि माणूस उद्या ठाण्यात जाऊन चार जणांना सांगणार. शिवाय मला वाटलं, हे त्यांना कळायला हवं, आणि रीटा इथे असतानाच कळायला हवं.

मी त्यांना स्टूल दिलं आणि सरळ सांगून टाकलं. फ्लॅनेल, पाचवी, विल्सनला लिहिलेलं पत्र, सगळं.

काकांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "चौदा वर्षं. आणि मी सगळ्यांना सांगायचो माझ्या हाताला तार मानवते."

आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होते. हसणं थांबल्यावर स्वतःच म्हणाले, लाव ती जावयाची तार.

मी विल्सनचा एक सेट चढवला आणि काकांना वाजवायला लावलं. मग टेपवर पहिल्या दिवशीच्या साध्या तारा ऐकवल्या, मग पाच दिवसांत मेलेल्या तारा; उतरवण्याआधी मी त्यांचंही रेकॉर्डिंग करून ठेवलेलं. काकांचा कान पक्का. नव्या साध्या तारेपेक्षा कोटेड थोडी दबलेली, आणि मेलेल्या तारेपेक्षा शंभर पटीने बरी, असा त्यांनी निकाल दिला. तो माझ्याही निकालाशी जुळला.

"मग लग्नाला कुठली?" त्यांनी विचारलं.

मी धंद्याचं उत्तर दिलं. एका सकाळसाठी टिकाऊपणा काय करायचा? साधी नवी तार, दोन दिवस आधी चढवायची, म्हणजे ताणून बसते आणि सूर सोडत नाही. काका म्हणाले, "बरोबर. लग्नात माझ्या तारा. ती गेल्यावर तिच्या."

लग्नाला मी गेलेले. आदल्या दिवशी अंगणात काका दुपारपासून वाजवत होते, बायका गात होत्या, मलाही ओढून नाचवलं. मधेच त्यांनी गिटार रीटापुढे धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, पूस. हातभर हिरव्या बांगड्या भरलेल्या, पण तिने ओढणीच्या टोकाने सहाही तारा पुसल्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या तारा घंटेसारख्या वाजल्या. शेवटच्या गाण्याला क्वायर थोडी मागे राहिली, काका पुढे गेले, कोणाचं काही बिघडलं नाही.

जेवताना विल्सनने तारांचं विचारलंच. काकांनी त्याला खरं सांगितलं, की पहिल्या दिवशी मला अजिबात आवडल्या नाहीत. विल्सन म्हणाला, पप्पा, मला वाटलेलं तारा सगळ्या सारख्याच असतात. दुकानदाराने दिल्या, मी आणल्या. दोघेही एवढे हसले की रीटा ताट घेऊन बघायला आली.

पावसाळा संपता संपता काका पुन्हा दुकानात. कोटेड तारांना मधोमध पांढरे केस फुटलेले, थर उसवून आलेला. एवढ्यात असं व्हायला नको होतं. मी विचारलं, काय केलंत?

"रोज पुसतो," काका म्हणाले.

"काका, या पुसायला लागत नाहीत. म्हणून तर आणल्या."

"ते माहीत हाय मला."

मी दुसरं पाकीट उघडून चढवून दिलं. फ्लॅनेल हलक्या हाताने फिरवा, एवढं सांगितलं. त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आता दोन्ही प्रकारच्या तारा सगळीकडे मिळतात आणि गिऱ्हाईक येऊन विचारतं, कुठली घेऊ? मी आधी हात बघते. कोरडा असेल तर साधी. ओला असेल तर कोटेड. आणि कोणी म्हणालं की माझा हात ओला आहे, तरी माझ्या तारा महिना महिना टिकतात, तर त्याला म्हणते, आधी घरी जाऊन विचारून या.