रस्त्याकडच्या पाच ओळी

आम्ही दोघं नोकऱ्या सोडून कायमचं फिरायला निघणार, ही बातमी बुलढाण्यात आमच्या गल्लीत दोन दिवसांत पसरली आणि जो येईल तो मला समजवायला लागला. काऊन चालले, पोरीनं काही म्हटलं का, कोणाचं दुखणंखुपणं आहे का? कोणाचं काही नव्हतं. पोरगी नोकरीला लागली होती, तिचं लग्न तिनंच जमवलं होतं. बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना नकाशावर समुद्र दाखवला आणि स्वतः एकदाही पाहिला नव्हता, एवढं कारण मला पुरे होतं. घरमालकीण म्हणाली, बाई, घरच नसलं तर तुमच्याकडं चहाला यायचं कुठं? मी म्हटलं, स्टँडवर या, थर्मास राहील माझ्याजवळ. मला राग लवकर येतो आणि उत्तर त्याहून लवकर सुचतं.

आमचे हे कृषी सहायक होते. पगार बेताचा, पण दहा गावांत 'साहेब' म्हणायचे. आमचं स्वतःचं वावर देऊळघाटच्या पुढं, डांबरी रस्त्याला लागून. त्याच्या मागं, रस्त्यापासून आत, एका काकूचं वावर, मधे फक्त मातीच्या बांधाचा धुरा. काकू नात्याची कोणी नाही, पण माझ्या लग्नात तिनंच माझी ओटी भरली होती आणि तेव्हापासून ती मला सूनबाईच म्हणते.

बीटी कापूस नवा आला ती वर्षं आठवली की अजून छाती भरून येते. काय कापूस यायचा हो! दिवाळीनंतर चिखलीच्या बाजाराकडं गाड्यांची रांग लागायची, रस्त्याच्या बाभळींना कापूस अडकून राहायचा. तेव्हा राहायचो त्या गावातल्या घरी पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली असायची. माझी पोरगी त्यात उड्या मारायची, तिथंच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत रडायची. मी रोज रागवायची, ती रोज परत जायची. तसा मऊ हिवाळा मला पुन्हा मिळाला नाही.

त्या बियाण्याच्या पिशवीत एक लहान पुडी वेगळी यायची. तिच्यात साधं, बीटी नसलेलं बी. ते वावराच्या कडेनं पाच ओळी लावायचं. ह्या पाच ओळी अळीला खायला सोडायच्या, म्हणजे ती आतल्या बीटी कापसात मुळातच असलेल्या विषाला सरावत नाही. पेरणीच्या दिवसांत हे गावोगाव पारावर उभे राहून ती पुडी हातात धरून हेच सांगायचे. एवढ्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ झालं होतं. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन पुडी फेकून द्यायचे. अळीसाठी कोण पेरतं?

मग काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड टणटणीत, फोडलं की आत किडका, पिवळा कापूस. लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. काकूनंही सोडली. हे दिवसभर पंचनामे करत फिरायचे. जेवताना भाकरी हातात तशीच राहायची. नोकरी सोडून फिरू या, असं मी किती वर्षं म्हणत होते आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर होतं, पाहू. त्या हंगामात एका सकाळी दात घासता घासता म्हणाले, चल, निघू. मी इतकी हरखले की आत्ताच का, हे विचारायचंच राहिलं. दोघांनीही स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज दिले, मंजुरी यायला पुढची दिवाळी उजाडली.

घर रिकामं करायला घेतलं. कपाट, फ्रिज, दिवाण, सगळं जाऊ दिलं. माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. मला वाटलं दिवाळीचा विसरलेला चिवडा. उघडला तर आत त्या लहान पुड्या, एकही फोडलेली नव्हती. दरवर्षीच्या. आमच्याच वावराच्या बियाण्यातल्या.

मी डबा ह्यांच्यापुढं ठेवला. ह्यांनी एक पुडी उचलून परत आत ठेवली. मग सांगितलं. आपलं वावर रस्त्याला लागून, येणाराजाणारा पाहतो. कडेच्या ओळी अळीनं खाल्लेल्या दिसल्या असत्या तर लोक हसले असते की बघा, साहेबाचाच कापूस किडका. पहिल्या वर्षी म्हणून नाही लावल्या, दुसऱ्या वर्षी सवय झाली. बी फेकवत नाही म्हणून डब्यात ठेवलं. "माझंच पाहून कोणी लावलं नाही," हे म्हणाले. "काकूनंही."

एका डब्यानं सगळ्या देशाचा कापूस किडत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण माझं डोकंच फिरलं. बी न लावल्याचा राग होताच, खरा राग मला दुसऱ्या गोष्टीचा आला. मी बावीस वर्षं जे मनात धरलं होतं, त्याच्या आडोशाला हा माणूस लपायला निघाला होता. मी सरळ म्हटलं, "तुम्ही फिरायला नाही, पळायला निघालात. काकूला सांगा. नाहीतर मी एकटी जाते, तुम्ही बसा ह्या डब्याजवळ." आणि मी एकटी गेले असते. हे त्यांना ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी सकाळी काकूच्या वावरात सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी वावरात पाच खडे मांडून पूजा करतात, दहीभात दाखवतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. आमचं वावरही आता बटईनं, पिकातल्या वाट्यावर, काकूच करणार होती, म्हणून आम्हाला बोलावणं होतं. मी पिशव्या घेऊन गेले, ह्यांनी डबा घेतला.

पूजा झाली. काकूनं दहीभात वावरात शिंपडला, आमच्या हातावर दिला. ह्यांनी तो खाल्ला नाही. हात तसाच पुढं धरून काकूला सगळं सांगितलं, रस्त्याचं, लोकांच्या हसण्याचं, डब्याचं. काकू खाली बसून खड्यांवरची फुलं सारखी करत होती, तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, आता ही हाकलते आम्हाला.

"मले माहीत होतं, बापू," ती म्हणाली. "पहिल्याच साली पाह्यलं मी. तुह्याकडं नाही लावलं म्हून म्याही नाही लावलं."

हे म्हणाले, मग तेव्हा मला विचारलं का नाही?

"इचारलं असतं तं तू खोटं बोलला असता. मंग तुह्यावर कधी इश्वास ठेवला असता म्या?" मग ह्यांच्या हाताकडं पाहून म्हणाली, "खाय आता तो भात. गाडी चुकन."

ह्यांनी भात खाल्ला. रडत रडत खाल्ला, मी पाहिलं. डबा काकूनं ठेवून घेतला. पुड्यांतलं बी जुनं झालं होतं, पण डबा चांगला होता म्हणे.

समुद्र आम्ही पाहिला. मी पाण्यात उभी राहून वेड्यासारखी हसत होते आणि हे मागं चपला सांभाळत बसले होते. नंतर बऱ्याच गावांचं पाणी प्यालो, धर्मशाळांमध्ये राहिलो, चादरीवरून भांडलो. पण कुठंही कापसाचं वावर दिसलं की हे खिडकीतून वाकून आधी त्याची कड पाहायचे. मी चिडवायची, साहेब, रिटायर झालात. ते हसायचे नाहीत. काकूनं माफ केलं की नुसतं समजून घेतलं, हे त्यांना कळत नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी सीतादहीला परतलो. बुलढाण्याहून एसटी धरली, गर्दी होती, हे मधल्या वाटेत उभे. देऊळघाट मागं पडलं आणि मी खिडकीतून पाहिलं. आमचं वावर पांढरं फुललेलं होतं आणि रस्त्याकडच्या कडेला पाच ओळी बोंडं खाल्लेल्या, पानं चाळणी झालेल्या उभ्या होत्या. काकूनं ह्या वर्षी पुडीतलं साधं बी लावलं होतं. तिच्या वावराला लावलं असतं तर कोणाला दिसलं नसतं, ते आत होतं. आमच्या वावराला लावलं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.

मी ह्यांची बाही ओढून दाखवलं. शेजारचा एक माणूसही वाकून पाहायला लागला आणि म्हणाला, कोणाचा आहे बे हा कापूस, कड पुरी किडलेली.

"माझा आहे," हे मोठ्यानं म्हणाले. सगळ्या गाडीनं वळून पाहिलं.