बोट कुठे पोचली, ते उषावहिनी सांगायची

फोन आला तेव्हा मी कसालच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. गोव्याच्या इस्पितळातून मावसभाऊ बोलत होता. "वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळीच मी तिच्या खाटेपाशी बसून आलो होतो. दुखणं पोटाचं होतं आणि कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. आमच्याशी बोलताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत, त्यावरून काय ते समजायचं. मी निघालो तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "भावजी, आयेक हंय हाडू नकात. तिका बघूक जमाचा नाय." डोंबिवलीत वाढलेली, लग्नानंतर कितीतरी दिवस आमच्या बोलण्याला हसणारी ही बाई आईला इथे आणू नका, तिला सोसवणार नाही, हे शेवटचं बोलली ते मालवणीत... त्याला आता महिना होत आला.

उषावहिनी माझ्या थोरल्या भावाची, सुरेशदादाची बायको. दादा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. वहिनी मुंबईत एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. पुष्कळ वर्षांपूर्वी बाबा गेले, आईची दृष्टी काचबिंदूने अधू होत चालली आणि मी रोज सकाळी एसटीने कसालला जाणार. आईला दिवसभर मालवणच्या घरात एकटं कसं ठेवायचं यावर आम्ही दोघे भाऊ नुसते बोलत राहिलो. वहिनी मात्र नोकरी सोडून, संगणक खोक्यात बांधून, एका सकाळी दारात येऊन उभी राहिली. मूल नव्हतं. "मला काय, काम कुठेही करता येईल," असं तेव्हा ती म्हणाली होती. ते तितकंसं खरं नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचं, तर ते लागेपर्यंत चहा निवायचा आणि वारा सुटला की तुटायचं.

ती येऊन वर्ष झालं असेल. तिच्या जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला टपालाने काही सीड्या पाठवल्या. प्रोग्रॅम लिहिण्याची ती एक नवी प्रणाली होती, अजून बाजारात आलेली नव्हती. लोकांनी वापरून बघावी आणि चुका कळवाव्यात म्हणून आधी काढलेली कच्ची आवृत्ती. ती संगणकात चढवायला वहिनीला अख्खा रविवार लागला, दोनदा मध्येच वीज गेली. त्यात तिला हवी होती ती एकच गोष्ट, वेब सर्व्हिस. तिने मला ती समजावून सांगितली. आपण वेबसाइट उघडतो तेव्हा माणूस वाचतो, पण इथे आपला प्रोग्रॅम लांबच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. नुसता पत्ता द्यायचा, बाकीची जोडाजोड ही प्रणाली स्वतःच करते. मी मराठीचा मास्तर, मला निम्मंच कळलं. पण सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पुन्हा विचारत राहिलो.

तिच्या डोक्यात काय होतं ते पुढे कळलं. आई रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की विचारायची, "सुरेश खंय आसा गो आता?" दादाचा फोन महिन्याकाठी एखादा. वहिनीची मैत्रीण वंदना मुंबईत बोटींच्या एका एजंटाकडे संगणकाचं काम बघायची. कुठली बोट कुठल्या बंदरात लागली ही माहिती तिच्याकडे येत असे. वहिनीने तिला गळ घातली. तिकडे वंदनाने उत्तर देणारा भाग बसवला, इकडे वहिनीने विचारणारा लिहिला. आठवडेच्या आठवडे तो चालेना. कधी लाइन तुटे, कधी ती कच्ची प्रणाली कारण न सांगता बंद पडे. मग एका संध्याकाळी पडद्यावर दादाच्या बोटीचं नाव आणि त्याखाली मराठीत उमटलं, "डर्बन". वहिनीने आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईने विचारलं, थंडी असते का तिकडे? त्या दिवसापासून हा रिवाज पडला. दिवा, मग संगणक, मग बंदर. शेजारच्या बायकासुद्धा विचारून जायच्या की आज बोट खंय पोचली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दादाच्या कंपनीतून फोन आला. फोन मीच घेतला. दादा रात्रपाळीत इंजिनातून वर डेकवर आला होता, सकाळी हजेरीला नव्हता. बोट मागे फिरवून शोधलं, सापडला नाही. समुद्र खवळलेला होता, असं तो माणूस पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आम्ही कुठे जायचं, कुणाला विचारायचं? अंत्यसंस्काराला देह नाही, भांडायला माणूस नाही. वहिनी मुंबईला जाऊन कंपनीच्या ऑफिसात दिवसभर बसून आली. परत आली तेव्हा तिच्या हातात दादाची बॅग होती, दुसऱ्या कुणीतरी घड्या घालून भरलेली.

आईने मानलं नाही. पोहणारा मुलगा होता, कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल, असं म्हणत राहिली. आणि तिन्हीसांजेला दिवा लावून संगणकासमोर येऊन बसली. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मग तिने बटण दाबलं. प्रोग्रॅमने बोट विचारली होती, माणूस नव्हे. उत्तर आलं, पुढच्या बंदराचं. वहिनीने ते वाचलं... मग रोज वाचलं. बोट सिंगापूरला गेली, तिथून आणखी पुढे गेली. वाचताना वहिनीचा आवाज हलत नसे, पण नंतर ती विहिरीवर जाऊन उगाच पाणी ओढत बसे. मी एकदा म्हटलं, वहिनी, पुरे करूया. ती म्हणाली, "मी बंद केलं तर त्याला मी मारलं असं होईल, भावजी."

शेवटी ते तिने बंद केलंच नाही. कच्च्या आवृत्तीला मुदत असते. एका संध्याकाळी तिने प्रोग्रॅममधलं काही दुरुस्त करायला घेतलं, तर मुदत संपल्याची सूचना आली आणि ती प्रणाली उघडेचना. पुढची आवृत्ती तिने मागवली, पण तिच्यात इतकं बदललं होतं की जुनं लिहिलेलं काहीच चालेना. त्याच सुमारास वंदनाने नोकरी बदलली, तिकडचं उत्तर येणंही थांबलं. वहिनीने घाबरत आईला सांगितलं, बंद पडलाय, आता नाही सांगता येणार. आई म्हणाली, "बरा झाला गो. तुका रोज वाचून दाखवचा लागायचा, तां माका बघवत नाय होता."

वहिनी त्या रात्री आईच्या कुशीत झोपली. मुंबईला परत जा असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती गेली नाही. बाजारात एक खोली घेऊन मुलांना संगणक शिकवू लागली. वेब सर्व्हिसचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. बाकी हसायची, भांडायची, आमच्यापेक्षा चांगली शिंपल्यांची, तिसऱ्यांची कढी करायची. आम्हाला वाटलं होतं, हिने एवढं सोसलं, आता हिला कोण हात लावणार...

परवा घरातल्या तिच्या खोलीत आवराआवर करायला गेलो. आई तिथे आधीच बसली होती, बंद संगणकासमोरच्या खुर्चीवर. तिला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पदराच्या टोकाने ती कीबोर्डवरची धूळ पुसत होती, एकेक बटण चाचपत. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "ह्येच्यात तिचा नाव खंय आसा रे?" अक्षरं इंग्रजी आहेत हे मी सांगितलं नाही. तिचं बोट धरून एकेका बटणावर नेलं, आणि उषा हे नाव लिहून झालं. मी हात सोडल्यावर तिने शेवटचं बटण तसंच दाबून धरलं. मी उभा राहिलो. किती वेळ दाबायचं असतं, तेही मला तिला सांगता येईना.