पहिल्या हाकेला ओ

कोल्हापुरात कुणीही, कुणालाही, कुठल्याही कारणानं हाक मारली, तरी ओ आमचे साडू देत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. यात कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर रंकाळ्यावरचा प्रसंग सांगतो. रविवारची संध्याकाळ होती आणि आम्ही दोन्ही कुटुंबं भेळ खात बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी पुढं निघून गेलेल्या आपल्या नवऱ्याला "अहो, ऐकलंत का?" अशी हाक घातली. नवरा वळायच्या आत साडू उठून उभे. "ओ! ऐकलं की! बोला!" त्या गृहस्थांनी आधी साडूंकडं आणि मग स्वतःच्या बायकोकडं असं काही बघितलं, की उरलेली भेळ आम्ही माना खाली घालून संपवली. मुलांच्या शाळेत पालकसभेला बाईंनी हजेरी घेतली, तेव्हा प्रत्येक नावाला मागच्या बाकावरून जाड आवाजात ओ येत होती. घरोघरी नुकते फोन आले होते त्या काळात तर कहर झाला. रॉंग नंबर ही गोष्ट साडूंना मान्यच नव्हती. एकदा कुणीतरी पंप दुरुस्त करणाऱ्याला शोधत चुकून यांना फोन लावला, तर हे पिशवीत पाने-पकडी टाकून कागलला गेले आणि पंप चालू करून आले. वर मलाच म्हणाले, "त्येनं हाक मारली म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं, पावणं?"

साडू उद्यमनगरात लेथवर काम करायचे. तिथं शेजारी उभ्या माणसानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. पण गेटबाहेर रस्त्यावर कुणी "ए" म्हटलं की यांची मान वळायची. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण कधी कधी साडू कुणीच हाक मारलेली नसताना ओ देत. जेवता जेवता त्यांचा हात ताटावर थांबे, "ओ" म्हणून ते उठत, दार उघडत आणि बाहेर बघत उभे राहत. बाहेर रिकामी गल्ली असे. एखादं कुत्रं असलंच तर तेही यांच्याकडं न बघता त्यांच्या पलीकडं कुठंतरी बघत असे. मुलं आधी हसायची, मग हसेनाशी झाली. ते दार पुन्हा लावायला साडूंना जरा जास्तच वेळ लागतो, असं माझी बायको म्हणायची, आणि त्या घरी मुक्कामाला राहायचं मी शक्यतो टाळायचो.

याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साडूंचं मूळ गाव म्हणजे दाजीपूरच्या रानाला टेकलेली एक वाडी. तिकडं पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात, की धुक्यात किंवा तिन्हीसांजेला रानातून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. रानात जे काही असतं त्याला दोनदाच हाक मारता येते; तिसरी मारतो तो माणूस. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. साडूंना मिसरूड फुटायच्या वयात त्यांचा थोरला भाऊ चुकलेली म्हैस शोधायला रानात गेला. धुकं उतरलं. साडू दारात उभे होते, आणि दरीच्या अंगानं हाक आली, "धाकल्याऽऽ!" भाऊ त्यांना धाकल्याच म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा आली. साडू उंबऱ्यावर तिसरीची वाट बघत राहिले आणि तिसरी आली नाही. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी परत आली, भाऊ आला नाही. गावानं रान पिंजून काढलं, पण चप्पलसुद्धा सापडली नाही. त्या दोन हाका भावाच्या असतील तर साडूंनी गप्प राहून भाऊ घालवला. रानाच्या असतील तर ते स्वतः वाचले. यातलं खरं काय, एवढं एकदा कळावं, याखेरीज त्या माणसाला आयुष्याकडून काही नको होतं. "तिसरी आली की कळंल," ते म्हणत, आणि ती ऐकायला सुट्टी मिळाली की रानात जात.

त्यासाठी त्यांनी एक सायकल केली होती. केली म्हणजे खरोखर केली. सांगाडा दूधवाल्याच्या जुन्या सायकलीचा, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळवलेलं, टायर खडीत रुतणार नाहीत असे जाड काट्यांचे. आता गिअरच्या सायकली आणि डोक्यावर कवटीच्या आकाराच्या टोप्या घालून पोरं त्या रानात जातात. साडूंनी ते सगळं आधीच केलं होतं, फक्त टोपी गांधी होती. त्यांच्या सायकलीचा मुख्य गुण म्हणजे ती वाजत नसे. घंटी काढलेली, मडगार्ड काढलेले, कारण त्यांच्यावर खडी उडून आवाज होतो. कॅरियरला ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. चाक मोकळं फिरताना होणारी टिकटिक नको म्हणून त्यांनी लेथवर काही करामत करून ते पायडलशी कायमचं जखडून टाकलं होतं. त्यामुळं उतारावरही त्यांचे पाय शिलाईच्या यंत्रासारखे गरागरा फिरत राहत. खाण्याचेही नियम होते. चिवडा, शेंगदाणे, पापड वर्ज्य. मी एकदा भडंग नेलं होतं, ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. "कुरुमकुरुम वाजतंय. हाक ऐकू कशी याची?" म्हणून पुढचे चार तास आम्ही दहीभात आणि केळी यांवर काढले.

कणकवलीकडं जाणाऱ्या एसटीच्या टपावर सायकली टाकायच्या, दाजीपूरला उतरायचं आणि तांबड्या खडीच्या वाटेनं आत शिरायचं, असा तो बेत असे. मला आरामाची आवड आहे, चढाची नाही. पण त्यांना एकट्याला सोडू नका, असं मेव्हणीनं सांगितल्यामुळं मी अधूनमधून जायचो. आत गेलं की साडू बोलणं बंद करत. बाजारात चार दुकानांपलीकडं ऐकू जाणारा हा माणूस तिथं खुणांनी बोलायचा. झाडी वरून मिटलेली, खडीवरून जाणाऱ्या माझ्याच चाकाची करकर, आणि पुढं आवाज न करता सरकणारी ती सायकल. एका वळणावर कुणीतरी सुरेल शीळ घातली. सुरात होती, पण गाणं कुठलंच नव्हतं. मी करकचून ब्रेक दाबला. साडू कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाखरू हाय. मी ओ दिऊन बघितलंय."

ही गोष्ट परतीचा पाऊस संपला त्या दिवसांतली. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. वाटेच्या कडेला एक गवा उभा होता. तो पळाला नाही की फुरफुरला नाही. आम्ही पुढं गेलो आणि मागं वळून पाहिलं तर तिथं धुकंच होतं. आम्ही उतरून सायकली हातात धरून चालत होतो, तेवढ्यात डावीकडच्या उतारावरून हाक आली.

"धाकल्याऽऽ!"

ती मी ऐकली. हे मुद्दाम लिहितो, कारण मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही, आणि भित्रा असलो तरी बहिरा नाही. हाक लांबून नव्हती आणि जवळूनही नव्हती. साडूंच्या हातातली सायकल खाली पडली. "ओ दादाऽऽ! आलोऽऽ!" असं ओरडत ते कारवीत घुसले. झुडपं मोडल्याचा आवाज झाला, लांब गेला आणि थांबला. मी दोन सायकली घेऊन त्या धुक्यात उभा होतो. साडूंना हाक मारावी असं फार वाटत होतं, पण माझ्या हाकेला भलतंच कुणी ओ देईल या भीतीनं तोंड उघडेना. मग खालून साडूंचा आवाज आला, "पावणं, हिकडं या! माणूस हाय!"

ओहोळात एक म्हातारा धनगर पडला होता. पाय मोडलेला, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याला उचलून वाटेवर आणलं आणि साडूंच्या कॅरियरवर बसवलं. साडूंनी सायकल ढकलली, मी मागून म्हाताऱ्याला धरलं, आणि तो हातानं दाखवील तसे खडीवरून धनगरवाड्याकडं निघालो. साडू सारखे त्याच्या तोंडाकडं बघत होते. दादा असता तर इतका म्हातारा नसता, हे त्यांना कळत होतं. तरी बघत होते.

वाड्यावर म्हाताऱ्याच्या पोटात ऊन चहा गेला तेव्हा तो बोलू लागला. "झुंजूमुंजूला पडलो. धाकल्या पोराला दोन हाका मारल्या. मग दमच न्हाय ऱ्हायला. तिसरी मारायची लय इच्छा व्हती, पर निघंना."

त्याचा धाकटा मुलगा, चांगला मिशावाला, लेकराबाळांचा बाप, मटकन खाली बसला. "ऐकल्या व्हत्या मी," तो म्हणाला. "तिसरीची वाट बघत ऱ्हायलो." आणि तो मोठ्यानं रडायला लागला.

साडू त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मीबी ऱ्हायलोतो, मर्दा. आईनं शिकवल्यालं असतंय. तुझं काय चुकलं न्हाय." त्यानं ऐकलं नसावं असं वाटून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा सांगितलं. मला तिथं बसवेना. इतकी वर्षं हेच त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

निघताना मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, पण दुपारी एक हाक मारलीत ना? आम्ही ऐकली की."

"दुपारी?" म्हातारा म्हणाला. "दुपारी कुठली हाक, पावणं? घशातनं वारंबी निघत न्हवतं."

म्हातारा ग्लानीत होता, त्याला आठवत नसेल, असं मी आजही सगळ्यांना सांगतो. स्वतःलाही सांगतो. साडूंनी मात्र त्याला काहीच विचारलं नाही.

परतीच्या उतारावर ते पुढं होते आणि त्यांचे पाय गरागरा फिरत होते. अचानक ते त्या रानात मोठ्यानं बोलायला लागले. "तवा दादाच व्हता तो, पावणं. त्येलाबी दम न्हवता ऱ्हायला, एवढंच." मग ते दादाविषयी सांगत सुटले, थेट रस्त्याला लागेपर्यंत. त्या घरात दादाचा विषय कधी निघालाच, तर साडू "दादाला फणस लय आवडतोय" असं म्हणत. पोहतोय, चिडतोय, आवडतोय. कुणी चुकून "आवडायचा" म्हणालं तर ताटावरून उठून जात. त्या दिवशी उतारावर ते म्हणाले, "दादाला फणस लय आवडायचा." म्हणाले आणि सायकल थांबवली. उतरले, तोंड पुसलं, पुन्हा बसले आणि पुढचं सांगायला लागले.

साडूंना जाऊन आता काही वर्षं झाली. हे लिहिताना ते ओ देत, रानात जात, खुणांनी बोलत, असं मी सहज भूतकाळात लिहीत आलो. आता वाचून बघतो तर तो एक शब्द बोलल्यावर त्यांना उतारावर का थांबावं लागलं, ते कळतं.