वर डावीकडे, खाली उजवीकडे

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं ‘कळलंका बाई’ म्हणतात. त्यांच्या पाठीमागे, अर्थातच. दर तीन वाक्यांनंतर बाई खडू थांबवून विचारतात, “कळलं का?” आणि वर्ग एका सुरात ओरडतो, “होऽऽ बाई!” तो ‘हो’ आला की बाई खूश होऊन पुढच्या गणिताला लागतात. निम्म्यांना प्रश्न ऐकूही आलेला नसतो, पण ‘हो’ म्हणायला कुणी चुकत नाही. मी चित्रकला शिकवतो. माझ्या विषयात कुणी नापास होत नाही, म्हणून शाळेत मला कुणी काही विचारत नाही. त्यामुळे मला दिसतं मात्र सगळं.

यंदा शाळेला टॅब आले. मुख्याध्यापक, म्हणजे आमचे मोठे सर, यांनी ते ताबडतोब लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. का, तर मुलांनी हात लावला तर खराब होतील. टॅबवरचं प्लास्टिकचं पातळ आवरणसुद्धा काढायचं नाही असं फर्मान निघालं. मग शिक्षकांचं प्रशिक्षण ठरलं. एक दाढीवाला तरुण आला, त्यानं आयुष्यात कधी चाळीस पोरं एका खोलीत पाहिली नसावीत, आणि तो आम्हाला वर्ग कसा रमवायचा ते सांगू लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

बाईंची गंमत निराळीच. त्यांनी बोट ठेवलं की टॅब ढिम्म. इतकी वर्षं खडू धरून बोटं अशी कोरडी ठणठणीत झालेली, की काचेला ती बोटं वाटेचनात. बाईंनी सवयीनं बोट जिभेला लावलं आणि पान उलटावं तसं काचेवर ओढलं. लगेच चाललं! दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नंतर वहीत काढून ठेवलं आहे. मग बाईंनी त्याच्या मदतीनं अपूर्णांकांची चाचणी बनवली. प्रत्येक प्रश्नाला चार चौकोन, एकात बरोबर उत्तर. शेवटी तो काहीतरी महत्त्वाचं सांगत होता, पण बाई रुमालानं काच पुसण्यात गुंग होत्या.

त्याच संध्याकाळी मोठ्या सरांनी जाहीर केलं, की तपासणीचे साहेब येणार आहेत. टॅबवरचा नमुना पाठ ज्याचा फसेल त्याचा वर्ग काढून घेतला जाईल आणि निवृत्तीपर्यंत त्यानं ऑफिसात दाखले लिहायचे. वयानं मोठ्या म्हणून पहिला नंबर बाईंचा.

बाईंची पाचावर धारण बसली. वर्ग गेला तर त्यांचं काय राहणार होतं? घरी नवरा शिंपी, दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसलेला. त्याच्याशी बोलायचं तरी किती, आणि त्यानं उत्तर द्यायचं तरी कसं? बाई आयुष्यभर जे बोलल्या ते सहावीच्या वर्गातच बोलल्या. त्यातही त्या शिव्या घालतात, खडू फेकून मारतात, पण सुट्टी लागली की चार दिवसांत कोमेजतात. हे मी पाहिलं आहे.

तेव्हा त्यांनी केलं काय, तर तपासणीच्या आधी कुठलाही शिक्षक करतो तेच केलं. पाठाची तालीम. टॅब कपाटात, किल्ली मोठ्या सरांच्या खिशात, म्हणून बाईंनी फळ्यावरच चार चौकोन आखले. “पहिला प्रश्न, दोरीवाला. उत्तर कुठं?” “वर डावीकडे!” “दुसरा?” “खाली उजवीकडे!” कवायत केल्यासारखी पोरं हवेत बोटं मारत होती. मी खिडकीतून पाहत होतो. काही पोरांना उत्तर काय ते माहीतच नव्हतं, कुठं आहे ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. बाई विचारायच्या, “कळलं का?” आणि वर्ग म्हणायचा ते म्हणायचा.

साहेब आले. मागच्या बाकावर बसले, शेजारी मोठे सर, आणि पोरांची उत्तरं ज्यावर उमटणार तो पडदा धरायला फळ्यापाशी मी. टॅब वाटले, बाईंनी ओल्या रुमालावर बोट टेकलं आणि पहिला प्रश्न सोडला. ‘एका दोरीचे दोन सारखे तुकडे केले, तर एक तुकडा म्हणजे किती दोरी?’ साहेब हसले. इतका सोपा प्रश्न! सगळ्या वर्गाची बोटं एकाच वेळी वर डावीकडे पडली.

बरोबर उत्तर हिरवं, चुकलेलं लाल; पडदा लालभडक झाला. अर्ध्या दोरीला कुणी पाव म्हणालं होतं, कुणी पाऊण, कुणी अख्खी दोरी. दाढीवाला जे सांगत होता ते हेच होतं. शेजाऱ्याचं पाहून लिहू नये म्हणून प्रत्येक टॅबवर उत्तरांच्या जागा आपोआप बदलतात. जे चार-पाच हिरवे दिसत होते तेही नशिबानं. दुसरा प्रश्न, खाली उजवीकडे, पुन्हा लाल. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं.

मोठे सर उठून बाईंच्या कानाशी गेले. त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते. “बाई, मशीन बिघडलंय म्हणा. नेटवर्कचं काहीतरी सांगा. साहेबांना काय कळतंय!”

सुटायचा रस्ता होता. एक वाक्य, आणि वर्ग वाचला असता. पोरंही बाईंकडे बघत होती.

“मशीन धडधाकट आहे,” बाई म्हणाल्या. “मला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू? साहेब, मी यांच्याकडून जागा पाठ करून घेतल्या होत्या. गणित यांना येत नाही. आत्ता कळलं मला.”

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण! साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “पुन्हा येईन,” ते म्हणाले. “कधी ते सांगणार नाही. वर्गाचं काय करायचं ते तेव्हा ठरवू. आणि कपाटाची किल्ली मॅडमकडे द्या.”

न सांगता तपासणी! सगळा स्टाफ बाईंवर दात खाऊ लागला. बाई मात्र शिक्षकांच्या खोलीत चहा गार करत बसल्या होत्या.

“इतकी वर्षं कार्टी मला हो म्हणाली,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारतच तसं होता, बाई.”

“तू गप्प बस. फुलपाखरं काढ जाऊन.” मग कप बाजूला सारून, “हो म्हटलं की बरं वाटायचं रे मला.” डोळे पुसायला त्यांनी तोच ओला रुमाल घेतला.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी टॅबची प्लास्टिकं टराटरा सोलून काढली. रोज दोन प्रश्न सोडायचे, पडदा लाल झाला की कुणाचं नाव लाल ते बघायचं, आणि त्या पोराच्या बाकाशी जाऊन बसायचं. नवऱ्याच्या दुकानातून कापडाच्या चिंध्या आणि कात्री आणली. पाव म्हणजे काय, पाऊण म्हणजे काय, काप तुझ्या हातानं! शिव्या पूर्वीपेक्षा जास्त, पण आता एकेकाला त्याच्या चुकीबरहुकूम. टॅबलाही पडायच्या. धडा पुढं सरकेना. मोठे सर दारातून डोकावून सुस्कारे टाकत.

साहेब आले ते थेट सहावीच्या दारात. मागोमाग मोठे सर धावत, आणि मोठ्या सरांमागे मी, फुकटचा तमाशा कोण सोडतो! बाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही. साहेबांनी फळ्यावर स्वतःचा प्रश्न लिहिला, बाईंनी तो टॅबवर चढवला. पोरांनी डोकी खाजवली, बोटं मोजली, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चौकोनांवर बोटं ठेवली. पडदा निम्मा हिरवा, निम्मा लाल.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “निम्म्या वर्गाचं चुकलंय.”

“चुकलंय,” बाई म्हणाल्या. “पण कुठल्या निम्म्याचं ते मला माहीत आहे. तो तिथला बेरीज करताना खालचे आकडेही मिळवतो. ती छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा समजते. त्या तिघांना पाऊणच कळत नाही. आता नवा माणूस आणा, त्याला एवढं कळेपर्यंत ही पोरं सातवीत जातील. मग लिहिते मी तुमचे दाखले.”

साहेब पडद्याकडे पाहत राहिले. मग मोठ्या सरांना म्हणाले, “वर्ग हलवू नका.”

बाईंनी ते ऐकलं नसावं. त्या केव्हाच तिसऱ्या बाकावरच्या मुलीपाशी जाऊन बसल्या होत्या, हातात चिंधी.

“दारातून बाजूला व्हा, साहेब,” त्या वर न बघता म्हणाल्या. “उजेड अडतोय हिचा.”

साहेब बाजूला झाले.